मोडतोडीची तरतूद

गेल्या पावसाळ्यानंतर आम्ही काही माजी विद्यार्थी दर रविवारी सकाळी शाळेच्या मैदानावर नववीच्या मुलामुलींना रिमोटवरचे छोटे हेलिकॉप्टर उडवायला शिकवू लागलो. पालकसभेत लगेच प्रश्न आला, की ज्या वसतिगृहात चादरीसुद्धा मोजून दिल्या जातात तेथे हे श्रीमंतांचे खेळणे कशासाठी? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देणे आम्ही लागतो.

विमानाचे चांगले मॉडेल वेग मिळाला की बरेचसे स्वतःला सावरते. हेलिकॉप्टर तसे नाही. ते कलले की कलतच जाते. शिवाय वरची पाती ज्या दिशेने फिरतात, तिच्या उलट धड फिरू पाहते. ते रोखण्यासाठी शेपटीला लहान पंखा असतो. रिमोटच्या डाव्या दांडीने उंची आणि शेपूट, उजवीने पुढे-मागे आणि डावे-उजवे, अशा चार गोष्टी एकाच वेळी सांभाळाव्या लागतात. (काही रिमोटांत ही वाटणी वेगळी असते.) म्हणून पहिला धडा उडण्याचा नसून एका जागी अधांतरी थांबण्याचा असतो. शेपूट आपल्याकडे ठेवायची, म्हणजे त्याचे उजवे तेच आपले उजवे. तोंड आपल्याकडे वळले की डावे-उजवे उलटते आणि भल्याभल्यांचा गोंधळ होतो. कलंडू नये म्हणून खाली आडव्या दांड्या बांधून त्यांच्या टोकांना हलके चेंडू लावतात. अगदी जमिनीलगत पात्यांचाच झोत यंत्राला डळमळवतो, म्हणून तेथे रेंगाळायचे नाही.

खरी मेख दांडी किती हलवावी यात आहे. नवशिका ती दाबून धरतो. किंचित ढकलून सोडायची असते, आणि यंत्र थांबण्याआधीच उलट बाजूला हलका इशारा द्यायचा असतो. हे सांगून येत नाही. आधी संगणकावरील सिम्युलेटरवर शंभर वेळा आपटावे लागते, मग मैदानावर.

सिम्युलेटरवर उत्तम हात बसलेली एक मुलगी मैदानावर मात्र दांडीला बोट लावीना. बऱ्याच वेळाने तिने विचारले, "सर, हे मोडलं तर किती भरावं लागेल?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. हा प्रश्न आमचाही होता. आमच्या वेळी सूक्ष्मदर्शक काचेच्या कपाटात असे आणि किल्ली मुख्याध्यापकांकडे. आम्ही त्याची आकृती दहा गुणांसाठी काढली, हात लावला तो पुढे महाविद्यालयात; तेथेही इतरांच्या मागे उभे राहून. घरात ज्यांच्या वस्तू कमी, त्यांना वस्तू जपायला शिकवावे लागत नाही. त्यांना वस्तू वापरायला शिकवावे लागते, आणि वापरात काही मोडते.

पालकांचा निम्मा आक्षेप आम्हाला मान्य आहे. मोठी, महागडी यंत्रे नकोत. त्यांची पाती जीवघेणी असतात. २०२१ च्या ड्रोन नियमांतील सर्वांत लहान गटाची मर्यादा २५० ग्रॅम आहे. तिच्या आतले एक यंत्र पुरे. डोळ्यांवर चष्मा, बघणारे पंधरा पावले मागे, आणि लिथियम बॅटरी मोठ्या माणसाच्या देखत चार्ज करायची, यात सवलत नाही. पण दुसरे यंत्र घेण्याऐवजी सुट्या पात्यांचा, दांड्यांचा आणि दातेरी चाकांचा खर्च वार्षिक अंदाजपत्रकात स्वतंत्र धरावा, आणि तो विद्यार्थ्याकडून वसूल करू नये, ही संचालक मंडळाला आमची विनंती आहे. यंत्र पडू देण्याची तयारी नसेल तर वर्ग बंद केलेला बरा.

त्या मुलीने तिसऱ्या रविवारी हेलिकॉप्टर कडुलिंबाच्या बुंध्यावर घातले. दोन्ही पाती गेली. तिने स्वतः स्क्रू काढून नवी बसवली आणि साहित्य नोंदवहीत नोंद करायला बसली. वहीत "हरवले" आणि "नुकसानभरपाई वसूल" असे दोनच रकाने होते. तिने पट्टीने तिसरा आखला आणि त्यावर लिहिले, "शिकताना मोडले". यंदाच्या छापील वहीत तो रकाना असावा.