झाडांचा श्वास आणि वाहनांचा धूर

वैशाखाच्या उन्हात निलगिरीच्या झाडाजवळून जाताना एक उग्र, औषधी वास येतो. पेट्रोल पंपावर उभे राहिले की निराळाच वास नाकात शिरतो. पहिला वास आपल्याला आरोग्यदायी वाटतो, दुसरा अपायकारक. रसायनशास्त्राच्या दृष्टीने मात्र दोन्ही एकाच विस्तृत कुळातले आहेत. मुख्यतः कार्बन व हायड्रोजन यांपासून बनलेली, सहज वाफ होऊन हवेत मिसळणारी ही सेंद्रिय संयुगे होत. शहराच्या हवेत ती वाहनांतून येतात, तशीच वनस्पतींतूनही येतात. मग घरातील वृद्धांच्या फुप्फुसांसाठी धोका कोणता मानावा?

प्रथम वाहनांचा विचार करू. इंजिनात अर्धवट जळलेले इंधन धुराबरोबर बाहेर पडते. गाडी उन्हात नुसती उभी असली, तरी टाकीतील पेट्रोलची वाफ थोडीथोडी निसटत असते. या वाफांत बेंझिन असते आणि त्यामुळे माणसाला कर्करोग होऊ शकतो, हे निर्विवाद आहे. म्हणूनच २००९ च्या राष्ट्रीय मानकांत हवेतील बेंझिनची वार्षिक सरासरी एका घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक असू नये, असे म्हटले आहे.

झाडांचे तसे नाही. वड-पिंपळाच्या कुळातील अनेक झाडे, तसेच निलगिरी, आयसोप्रीन नावाचे संयुग पानांवाटे सोडतात. उष्णतेचा ताण सोसण्यास ते पानांना साहाय्य करते. ऊन वाढले की त्याचे प्रमाण वाढते, रात्री ते जवळजवळ थांबते. जगभरातील वनस्पती वर्षाला सुमारे ५० कोटी टन आयसोप्रीन हवेत सोडतात. मोकळ्या हवेत जेवढे आयसोप्रीन आढळते, तेवढ्याने श्वासाला बाधा होत नाही. बाधा होते ती त्याची वाहनांच्या धुराशी गाठ पडल्यावर.

ही गाठ कशी पडते, याचा उलगडा अमेरिकेत झाला. लॉस एंजेलिस शहरात १९४० च्या दशकात डोळे चुरचुरविणारे धुरके दाटू लागले. रबराला तडे जाऊ लागले. अननसाच्या स्वादाचा अभ्यास करणारे रसायनशास्त्रज्ञ हागेन-स्मिट यांनी १९५० च्या सुमारास त्याचे कारण शोधले. इंधनाच्या वाफा आणि धुरातील नायट्रोजन ऑक्साइड यांच्यावर सूर्यप्रकाश पडला की ओझोन तयार होतो. आकाशात उंचावर आपले रक्षण करणारा हाच वायू जमिनीलगत आला की श्वसनमार्गाला दाह करतो. पुढे १९८८ मध्ये अटलांटा या वृक्षसंपन्न शहराच्या अभ्यासातून दिसले, की इंधनाच्या वाफांची जागा झाडांची संयुगेही घेऊ शकतात. तेथे केवळ इंधनाच्या वाफा कमी करून भागणार नव्हते. नायट्रोजन ऑक्साइडलाच आवर घालणे आवश्यक होते.

यावरून कोणी सोसायटीतील झाडे तोडावीत असे म्हणू लागला, तर ते मुळीच मान्य करू नये. नायट्रोजन ऑक्साइड वाचून झाडांची संयुगे एवढा ओझोन घडवू शकत नाहीत, आणि शहरात तो वायू मुख्यतः इंधनाच्या ज्वलनातून येतो. शिवाय झाडांची सावली परिसर थंड ठेवते, त्यामुळे उभ्या गाड्यांतून उडणारी वाफही घटते.

ज्येष्ठांनी आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांनी यातून काय घ्यावे? ओझोन दुपारी शिगेला पोहोचतो. म्हणून उन्हाळ्यात फिरणे सकाळी लवकर उरकावे आणि दुपारी बारा ते पाच श्रमाची कामे टाळावीत. हिवाळ्यात उलट होते. पहाटेच्या गार, निश्चल हवेत धूर जमिनीलगत कोंडून राहतो. तेव्हा ऊन थोडे वर आल्यावरच बाहेर पडावे. दोन्ही ऋतूंत हमरस्ता सोडून आतल्या गल्लीची किंवा बागेची वाट धरावी. मास्क धूलिकण अडवतो. बेंझिन किंवा ओझोन यांसारखे वायू साध्या मास्कने अडत नाहीत, हे लक्षात असू द्यावे. ओझोन सोडून हवा शुद्ध करण्याचा दावा करणारी यंत्रे घरात आणू नयेत.

दुपारी बाहेर जाऊन आल्यावर घसा खवखवणे, कोरडा खोकला किंवा छाती आवळल्यासारखी वाटणे, याला केवळ वयाची तक्रार समजू नये. दमा किंवा फुप्फुसांचा जुना विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांनी दिलेला इनहेलर सोबत बाळगावा आणि असा त्रास वारंवार होत असेल तर तो कोणत्या वेळी होतो याची नोंद ठेवून डॉक्टरांना दाखवावी. श्वास घेणे कठीण झाले, तर मात्र वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

घरच्या तरुणांकडेही एक काम आहे. आजोबांना खाली घेण्यासाठी आलेली गाडी इमारतीच्या दाराशी सुरू ठेवू नये. ते जिना उतरून येईपर्यंत इंजिन बंद असावे, आणि गाडी शक्य तर झाडाच्या सावलीत उभी असावी.