ठेव मोडली की आम्ही पात्र

प्रति,
मा. मंत्री, सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : श्रावणबाळ योजनेची 21,000 रुपयांची उत्पन्न मर्यादा

महोदय,

मार्चमध्ये मी पासष्ट वर्षांची झाले आणि ‘लाडकी बहीण’चे पैसे थांबले. नियमच तसा आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पासष्टनंतर श्रावणबाळ आहे, तिथे अर्ज करा, असं सांगितलं गेलं. रक्कमही तेवढीच, महिना 1500. मी माझा अर्ज भरला, यांचाही भरला. यांना एकाहत्तरावं चालू आहे. दोन्ही अर्ज नामंजूर झाले. कारण एका ओळीत : कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांपेक्षा जास्त.

त्यानंतर मी तीन अर्ज दिले. तिन्हींच्या पोचा शिक्क्यानिशी माझ्याकडे आहेत. उत्तर एकाचंही नाही. ते कुठल्या कार्यालयात, कुणाच्या टेबलावर पडून आहेत हे मी इथे लिहीत नाही, कारण टेबलामागचा माणूस बदलला तरी आकडा तोच राहणार आहे. तो आकडा तुमच्या विभागाचा आहे, म्हणून हे पत्र तुम्हाला.

आमचा हिशेब उघड मांडते, लपवण्यासारखं काही नाही. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत यांनी सव्वीस वर्षं काढली. ईपीएफचं पेन्शन महिना 1,460 रुपये. म्हणजे वर्षाला 17,520. कंपनीतून मिळालेल्या पैशांतून मुलीचं लग्न आणि खोलीची दुरुस्ती झाली, उरलेले 3 लाख बँकेत मुदत ठेवीत आहेत. 7 टक्क्यांनी दर तीन महिन्यांनी 5,250 व्याज जमा होतं. वर्षाचे 21,000. तुमची मर्यादा नुसत्या या व्याजानेच भरली. पेन्शन धरून झाले 38,520, दोघांचे मिळून. महिन्याला 3,210. त्यात वीज, पाणी, किराणा, यांच्या बीपीच्या आणि माझ्या थायरॉइडच्या गोळ्या.

आता तुमचा आकडा घ्या. 21,000 म्हणजे महिना 1,750, दिवसाला साडेसत्तावन्न रुपये. नवरा-बायकोत वाटले तर माणशी एकोणतीसही पुरते नाहीत. गॅसचं सिलिंडर साडेआठशेच्या पुढे गेलंय. दोन सिलिंडर आणले की महिन्याचं सगळं उत्पन्न संपतं, मग त्यांवर शिजवायचं काय? आणि घरात एकटी विधवा असो की म्हातारा-म्हातारी दोघं असोत, मर्यादा एकच, 21,000. खाणारी दोन तोंडं आहेत, हे या नियमाला दिसत नाही.

अनुदान 600 रुपये होतं तेव्हाही मर्यादा 21,000 होती. 2019 मध्ये 1000 झालं, मर्यादा तीच. 2023 मध्ये 1500 झालं, मर्यादा तीच. रक्कम वाढवताना महागाई तुम्हाला दिसली. मग ती कुणाला द्यायची हे ठरवताना का दिसली नाही? दोघं पात्र ठरली तर तुम्हीच त्यांना वर्षाला 36,000 देता. म्हणजे म्हाताऱ्या जोडप्याला वरून एवढे लागतात हे तुम्हाला मान्य आहे. पण त्याच जोडप्याचे स्वतःचे बावीस हजार असले, तर ते तुमच्या लेखी गरीब नाही.

हे एकाच सरकारचे आकडे आहेत, म्हणून राग जास्त येतो. ‘लाडकी बहीण’ला कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत लागतं. केशरी रेशनकार्डावर माझा अर्ज मंजूर झाला, उत्पन्नाचा दाखलासुद्धा लागला नाही. शहरात प्राधान्य कुटुंबाच्या धान्याला मर्यादा 59,000. श्रावणबाळच्या शेजारीच चालणाऱ्या संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना 50,000. आणि ‘मुख्यमंत्री वयोश्री’ तर तुमच्याच विभागाची. तिथे 2 लाख. यांना त्यातून 3,000 रुपये मिळाले, त्यांचा गुडघ्याचा पट्टा आणि चष्मा आला. तोच माणूस, तेच वय, तेच घर, तोच विभाग. गुडघ्याच्या पट्ट्यासाठी जो गरीब आहे, तो दोन वेळच्या जेवणासाठी श्रीमंत कसा होतो, एवढं मला लेखी सांगा.

माझं तर असं झालं की चौसष्टाव्या वर्षी अडीच लाखांपर्यंत मी गरजू होते आणि पासष्ट उलटताच ती रेघ 21,000 वर आली. मधल्या काळात आमच्या घरात एक रुपया वाढला नाही, उलट माझे महिन्याचे 1500 गेले. वय वाढल्यावर गरज कमी होते, असं कुणी ठरवलं?

पहिल्या अर्जाच्या वेळचा प्रसंग सांगते. खिडकीवरच्या माणसाने पासबुक उघडलं, 5,250 च्या नोंदीवर बोट ठेवलं, मग पान उलटून पुढच्या 5,250 वर. चारही नोंदी त्याने पेन्सिलीने गोल केल्या. ते गोल अजून पासबुकात आहेत. हळू आवाजात म्हणाला, “मावशी, ही एफडी मोडा आणि पुढच्या वर्षी या. नाहीतर काकांचं कार्ड वेगळं करा.” तो माणूस वाईट नव्हता. त्याला आमचं काम व्हावं असंच वाटत होतं, आणि हा नियम असताना त्याच्याकडे देण्यासारखा दुसरा सल्लाच नव्हता.

घरी येऊन मी हिशेब केला. ठेव सांभाळली तर वर्षाला 21,000 व्याज, अनुदान शून्य. ठेव मोडून तीन लाख उडवून टाकले तर उत्पन्न 17,520 वर येतं, दोघंही पात्र, आणि तुमच्याकडून वर्षाला 36,000. म्हणजे पैसे जपणाऱ्याला 21,000 आणि उधळणाऱ्याला 36,000. पोटाला चिमटा घेऊन, ओव्हरटाइम करून साठवलेल्या पैशाची ही किंमत. हेच पैसे आम्ही सोन्यात घातले असते किंवा पिठाच्या डब्यात नोटा करून ठेवले असते, तर पासबुकात काही दिसलं नसतं आणि दाखला मिळाला असता. बँकेत ठेवा म्हणून आम्हाला वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. आम्ही ऐकलं, म्हणून अडकलो.

दुसराही हिशेब केला, आणि तो लिहिताना हात थांबतो. उद्या यांचं काही बरंवाईट झालं, तर मला विधवा पेन्शन मिळेल किमान 1,000. हा किमान आकडा सप्टेंबर 2014 पासून हललेला नाही. वर्षाचे 12,000. ठेव शिल्लक असेल तर व्याज धरून 33,000, म्हणजे तेव्हाही मी अपात्र. यांच्या आजारपणात ठेव संपून मग हे गेले, तरच माझं उत्पन्न 12,000 वर येतं आणि मी तुमच्या मर्यादेत बसते. नवरा आणि ठेव, दोन्ही जावं लागतं. हा नियम ज्यांनी लिहिला त्यांनी एकदा तरी हा हिशेब करून पाहिला होता का?

सत्तरीच्या पुढच्यांना 5 लाखांचे उपचार द्यायचं केंद्राने ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू केलं, तेव्हा उत्पन्न विचारलंच नाही. यांचं कार्ड काढलंय. पण दवाखान्यातून घरी आल्यानंतरचे महिने, रिक्षा, बाहेरच्या गोळ्या, रात्री सोबतीला माणूस, हे त्यात नाही. त्यासाठीच ते तीन लाख आहेत.

मी दहावी शिकलेली. चाळीतल्या बायकांचे अर्ज वर्षानुवर्षं मीच लिहिते, म्हणून हे एकट्या माझ्या घराचं नाही हे मला माहीत आहे. इथल्या विम्को नाक्याला अजून विम्को म्हणतात, पण काड्यापेटीची कंपनी कधीच बंद झाली. तिथली आणि आसपासच्या कारखान्यांतली माणसं आज माझ्या नवऱ्याच्या वयाची आहेत. आमच्याच गल्लीत ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले आहेत. त्यांना सरकारी पेन्शन आहे, ते त्यांच्या हक्काचं, त्याबद्दल असूया नाही. पण पलीकडच्या दारात तेवढीच वर्षं खाजगी कंपनीत घाम गाळलेल्याला 1,200 मिळतात. उल्हासनगरच्या कॅम्पांत साठीच्या बायका घरी बसून जीन्सचे धागे कापतात, नगावर पैसे, बोटांना भेगा. खरा आकडा सांगितला तर त्या वर्षाला 21,000 च्या वर जातात, म्हणून तो सांगता येत नाही. बदलापूरला मुलगा आईवडिलांना धरून राहतो, पहाटेची लोकल पकडतो, पंधरा हजार कमावतो. त्याच्या पगाराने आईवडील अपात्र. मग एकाच खोलीत, एकाच चुलीवर दोन रेशनकार्डं होतात. मुलाने आईबापाला सांभाळलं तर तोटा, कागदावर टाकून दिलं तर फायदा.

माझा आरोप इथे आहे. वर्षाला 21,000 मध्ये या तीन शहरांत कुणी जगू शकत नाही, हे अर्ज करणाऱ्याला, दाखला देणाऱ्याला आणि तो तपासणाऱ्याला, तिघांनाही ठाऊक आहे. तरी आमच्याकडून स्वयंघोषणापत्रावर सही घेतली जाते, माहिती खोटी आढळल्यास शिक्षेस पात्र राहीन असं लिहून घेतलं जातं. देवाला भिऊन वागलेल्या म्हाताऱ्या माणसांना तुम्ही खोटं बोलायला लावता. जो खोटं लिहीत नाही, तो बाहेर.

माझी भाची लंडनला वृद्धांच्या देखभालीचं काम करते. तिथेही गरीब निवृत्तांना उत्पन्न बघूनच मदत मिळते, पेन्शन क्रेडिट म्हणतात. पण पहिली 10,000 पौंडांची बचत ते मोजतच नाहीत. त्यावर प्रत्येक 500 पौंडांमागे आठवड्याला एक पौंड उत्पन्न धरतात. बचत आहे म्हणून दार धाडकन बंद होत नाही, मदत थोडीथोडी कमी होते. आणि जोडप्यासाठी आकडा वेगळा, एकट्यासाठी वेगळा. त्यांच्याएवढे पैसे मी मागत नाही. त्यांनी केला तेवढा विचार मागते.

श्रावणबाळची मर्यादा वयोश्रीइतकी, 2 लाख करा. ते आज जमत नसेल तर निदान दिव्यांगांसाठी जे 50,000 मान्य केलेत ते आम्हालाही लावा आणि नवरा-बायको दोघं हयात असतील तर दुप्पट धरा. पाच लाखांपर्यंतच्या ठेवीचं व्याज म्हाताऱ्यांच्या उत्पन्नात धरू नका. ‘लाडकी बहीण’मधून वयामुळे बाहेर पडणाऱ्या बाईचे पैसे, तिचा श्रावणबाळचा निकाल लागेपर्यंत थांबवू नका. आणि केंद्राकडे भांडा. साठ ते एकोणऐंशी वयाच्या माणसाला केंद्राच्या वृद्धापकाळ योजनेतून आजही महिना 200 रुपयेच मिळतात.

आमच्या ठेवीची मुदत 14 फेब्रुवारीला संपते. बँकेत मला विचारतील, पुढे चालू ठेवायची की मोडायची. हे म्हणतात मोडून टाक, निदान तुझे तरी 1500 सुरू होतील. मी अजून हो म्हटलेलं नाही. त्या तारखेच्या आत मला लेखी उत्तर हवं आहे.

आपली,
अंबरनाथची एक अपात्र अर्जदार