तोंडचे पाणी

फराळाचे ताट पाहून तोंडाला पाणी सुटले ना? मग त्या पाण्याचीच थोडी ओळख करून देतो. लाळेतले लायसोझाइम हे प्रथिन काही जंतूंची भिंतच फोडते. १९२२ साली अलेक्झांडर फ्लेमिंगने ते जगापुढे मांडले. म्युसिन जंतूंचे पुंजके करते आणि आपण ते नकळत गिळून टाकतो. पण गंमत पाहा! स्टॅथरिन लाळेतले कॅल्शियम सांभाळून दात राखते, आणि दाताला चिकटले की काही जंतूंना तेच पाय रोवायला जागा देते. घासलेल्या दातांवरही हा प्रथिनांचा थर काही मिनिटांत पुन्हा बसतो. त्यातच झोपेत लाळ फार कमी होते. पहारा ढिला पडतो. तेव्हा वाचकहो, करंज्या खुशाल खा. पण दात घासल्यावाचून झोपू नका!