माहेरचं नाव कंसात

एखाद्या जीवाचं शास्त्रीय नाव बदललं की लोक फार वैतागतात. विद्यार्थी म्हणतात, पाठ केलेलं फुकट गेलं. बाकीचे म्हणतात, या शास्त्रज्ञांना दुसरा उद्योग नाही का? मला नावं बदलण्याचं काही वाटत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. नवं नाव आलं की जुनं आपण खुशाल टाकून देतो, ते मला खटकतं.

हे डोक्यात आलं ते डायनोफ्लॅजेलेटांमुळे. नावाला घाबरू नका मंडळी! पाण्याबरोबर वाहत जाणारे एकपेशीय जीव आहेत हे. ग्रीक 'डिनोस' म्हणजे गरगर फिरणं आणि लॅटिन 'फ्लॅजेलम' म्हणजे चाबूक. चाबकासारखे दोन धागे हलवत ते भोवऱ्यासारखे फिरत पुढे जातात. आज हयात असलेल्या त्यांच्या दोन हजारांहून जास्त जाती माहीत आहेत. कोकणात, गोव्यात कधीकधी रात्री लाटा निळ्या चमकतात ना, तो बऱ्याचदा यांच्यातल्याच नॉक्टिल्युकाचा प्रताप असतो.

यांचा घोळ असा, की काही जण झाडासारखे उन्हावर अन्न तयार करतात, काही प्राण्यासारखे दुसऱ्याला खातात, आणि काही दोन्ही करतात. त्यामुळे वनस्पतीवाल्यांनीही यांना आपलं म्हटलं आणि प्राणीवाल्यांनीही. नाव ठेवण्याचे दोघांचे नियम वेगळे. म्हणजे बारसं एकाचं आणि पाळणे दोन!

नॉक्टिल्युकाचंच बघा. १८१० मध्ये मॅकार्टनी यांनी त्याचं नाव ठेवलं मेडुसा सिंटिलान्स. मेडुसा म्हणजे जेलीफिश. पुढे १८३६ मध्ये सुरिरे यांनी दिलेलं नॉक्टिल्युका मिलिआरिस हे नाव आलं आणि ते इतकं रुळलं की कित्येक दशकं पुस्तकांत तेच चाललं. कोफॉइड आणि स्वेझी यांनी १९२१ मध्ये मॅकार्टनीचा जुना शब्द परत आणला. तेव्हा आजचं पूर्ण नाव असं लिहितात: नॉक्टिल्युका सिंटिलान्स (मॅकार्टनी) कोफॉइड व स्वेझी.

या कंसाच्या मी प्रेमात आहे. जात एका प्रजातीतून दुसऱ्या प्रजातीत गेली, म्हणजे घर बदललं, की मूळ नाव ठेवणाऱ्याला कंसात जागा मिळते. आपल्याकडे लग्नात मुलीचं आडनाव तर बदलायचंच, पण कित्येक घरांत पाळण्यातलं नावही बदलायचं, आणि माहेरचं नाव पुढे कुठल्या कागदावर सापडायचं नाही. शास्त्राच्या रिवाजात जातीचं नाव सहसा टिकतं आणि माहेर कंसात राहतं. फार तर शेवट बदलतो. अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर समुद्र लाल करून मासे मारणारा जीव १९४८ मध्ये जिम्नोडिनियम ब्रेव्हे होता. पेशीची बारीक रचना आणि डीएनए तपासून २००० मध्ये ती प्रजाती विभागली, आणि तो झाला कारेनिया ब्रेव्हिस. 'ब्रेव्हे'चं 'ब्रेव्हिस' का? तर लॅटिनमध्येही आपल्यासारखी तीन लिंगं आहेत. नपुंसकलिंगी घरातून स्त्रीलिंगी घरात गेल्यावर 'छोटं'चं 'छोटी' झालं, एवढंच!

आता कोणी म्हणेल, ही शब्दांची हौस झाली, यात अडतं काय? अडतं ते असं.

अरबी समुद्राच्या उत्तर भागात हिवाळ्यात हिरव्या नॉक्टिल्युकाचे प्रचंड थर माजू लागले आहेत आणि पूर्वीच्या डायटमांची जागा ते घेत आहेत, असा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. हेल्गा गोम्स आणि सहकाऱ्यांचा तो अभ्यास. त्यात गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचाही सहभाग होता. नॉक्टिल्युकावर जगतात ते मुख्यतः साल्प आणि जेलीफिश. म्हणजे प्रश्न थेट मासेमारीपर्यंत येतो. अशा वेळी पहिली गोष्ट विचारायची ती ही, की आधी काय होतं?

त्याचं उत्तर जुन्या कागदांत आहे. कालिकतजवळ हिरवा झालेला समुद्र आर. सुब्रह्मण्यन यांनी पाहिला आणि नॉक्टिल्युकाच्या पोटात पोहणाऱ्या हिरव्या जीवाला १९५४ मध्ये प्रोटोयुग्लिना नॉक्टिल्युकी असं नाव दिलं. त्यांच्या लेखात यजमानाचं नाव आहे मिलिआरिस. १९७६ मध्ये बीट्रिस स्वीनी यांनी त्या हिरव्या पाहुण्याला पेडिनोमोनास म्हटलं. आज कोणी 'सिंटिलान्स' आणि 'पेडिनोमोनास' एवढेच दोन शब्द घेऊन शोधायला बसला, तर कालिकतचा तो हिरवा समुद्र त्याला दिसणारच नाही. आणि मग न दिसलेली गोष्ट 'पूर्वी नव्हतीच' म्हणून खपून जायला कितीसा वेळ लागतो?

गंमत म्हणजे २०१६ मध्ये जनुकांच्या अभ्यासावरून सुब्रह्मण्यन यांचंच नाव परत आलं. तो जीव युग्लिनाच्या कुळातला मुळीच नव्हता, हिरव्या शैवालांतला निघाला. तरीही प्रोटोयुग्लिनाच! कारण नाव म्हणजे वर्णन नव्हे, ती खुंटी आहे. शंभर वर्षांच्या नोंदी त्या खुंटीवर टांगलेल्या असतात. गोविंदा नावाचा माणूस गाई राखत नाही म्हणून त्याला आपण नवं नाव देत नाही.

मग नावं गोठवूनच टाकावीत का? नाही. प्रजातीचं नाव नातं सांगतं, आणि नातं नव्याने कळलं तर ते सांगायलाच हवं. पण बातमी लिहिणाऱ्याने, पाठ्यपुस्तक करणाऱ्याने, सरकारी अहवाल तयार करणाऱ्याने नव्या नावाशेजारी 'पूर्वीचं नाव अमुक' एवढं लिहावं. दोन-तीन शब्दांची जागा लागते. तेवढी जागा नाही असं जो म्हणतो, त्याला जुन्या नोंदींची गरज कधी पडलेली नसावी.