आधी खांदा, मग रायफल

ऑलिंपिकमध्ये भारतीय नेमबाजाने पदक मिळवले की घराघरांतून एक हट्ट सुरू होतो. २००८ साली बीजिंगला अभिनव बिंद्राने दहा मीटर एअर रायफलमध्ये सुवर्णपदक जिंकले, आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पन्नास मीटर रायफलच्या तीन पवित्र्यांच्या प्रकारात कांस्यपदक मिळवले. अशा बातम्या वाचून आठवी-नववीतला मुलगा किंवा मुलगी म्हणते, ‘‘बाबा, मलाही रायफल घेऊन द्या.’’

हौसेला मोल नसते असे म्हणतात. या हौसेला मात्र मोल आहे आणि ते भरभक्कम आहे. परदेशी बनावटीची स्पर्धेची एअर रायफल लाखांच्या घरात जाते. त्यावर जॅकेट, बूट, हातमोजा, छर्रे हा खर्च वेगळा. मुलांची हौस मोडवत नाही म्हणून काही आईवडील कर्ज काढतात, आणि सहा महिन्यांत मुलाचे मन दुसरीकडे वळले की ती रायफल कपाटात पडून राहते. म्हणून पालकांनी एक गोष्ट प्रथमच मनाशी पक्की करावी : या खेळात रायफल ही पहिली खरेदी नाही, ती शेवटची खरेदी आहे. आणि घ्यायची ती सर्वांत महाग नव्हे, तर अंगाला बसणारी.

खेळ आहे तरी कसा?

नवशिक्याची सुरुवात बहुधा दहा मीटर एअर रायफलने होते. नेमबाज उभा राहून दहा मीटरवरच्या लक्ष्यावर ४.५ मिलिमीटर व्यासाचा शिशाचा छर्रा सोडतो. संपूर्ण लक्ष्यच ४५.५ मिलिमीटरचे असते, आणि त्याच्या मध्यावरचा दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा. छर्‍याचा काठ त्या ठिपक्याला लागला तरी दहा गुण मिळतात, तरीही छर्‍याचा मध्य केंद्रापासून अडीच मिलिमीटरच्या आतच पडावा लागतो. मोठ्यांच्या स्पर्धेत असे ६० नेम ७५ मिनिटांत मारायचे असतात. रायफलचे वजन साडेपाच किलोपर्यंत चालते. तांदळाची पाच किलोची पिशवी सव्वा तास पुनःपुन्हा खांद्याशी उचलून स्थिर धरायची, असा विचार केला म्हणजे या खेळाची कल्पना येईल. इथे ताकदीपेक्षा स्थैर्याला मान आहे.

खर्चाआधी एक बिनखर्चाची परीक्षा

ज्या हाताने आपण लिहितो त्याच बाजूचा डोळा प्रबळ असतो असे नाही. ते घरबसल्या तपासता येते. दोन्ही हात समोर ताठ करून तळव्यांमध्ये रुपयाएवढी फट ठेवावी आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या फटीतून भिंतीवरचे घड्याळ पाहावे. मग एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्याने घड्याळ फटीत जागच्या जागी दिसते तो प्रबळ डोळा. उजव्या हाताने लिहिणार्‍या मुलीचा डावा डोळा प्रबळ निघाला, तर रायफल कोणत्या खांद्याला लावायची हे प्रशिक्षकाने ठरवायचे असते. हे न पाहताच उजव्या हाताची रायफल आणली तर पहिल्याच दिवशी पैसे चुकीच्या जागी गेले असे समजावे. चष्मा असल्यास डोळ्यांच्या डॉक्टरांकडून नंबरही ताजा करून घ्यावा.

पहिले सहा महिने रेंजची रायफल

बहुतेक रेंजवर शिकणार्‍यांसाठी सामाईक रायफली असतात. मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे, पुण्याला बालेवाडीच्या क्रीडासंकुलात रेंज आहे. महाराष्ट्राबाहेर राहणार्‍या कुटुंबांनी आपल्या जिल्ह्याच्या किंवा राज्याच्या रायफल संघटनेकडे चौकशी करावी. शाळा-कॉलेजात एन. सी. सी. असेल तर तीही चांगली पायरी आहे. अंजली भागवत यांची रायफलशी पहिली ओळख एन. सी. सी.तच झाली. या खेळाच्या देशव्यापी संघटनेशीही मराठी माणसाचे नाते जुने आहे. १९५१ साली भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळंकर. त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा नेमबाजांना चांगलीच परिचित आहे.

सामाईक रायफलवर शिकताना मुलाने गुणांकडे न पाहता ‘ग्रुपिंग’कडे पाहावे. पाच छर्रे एकाच कागदावर मारायचे आणि ते एकमेकांच्या किती जवळ पडले ते बघायचे. पाचही छर्रे एका जागी पण मध्यापासून दूर पडले, तर काळजीचे कारण नाही, साइटचा स्क्रू फिरवला की काम झाले. पाच छर्रे पाच दिशांना पडले, तर दोष बहुधा उभे राहण्यात, श्वासात किंवा चाप ओढण्यात असतो, आणि तो दोष नवी रायफल घेऊन जात नाही. ग्रुपिंग हळूहळू लहान होत गेले आणि मुलगा सहा महिन्यांनंतरही सकाळी आपणहून उठून रेंजवर जात असला, तरच पुढच्या खर्चाचा विचार करावा.

रायफल सारखी, तरी गुण वेगळे

चांगली रायफल घेतली की चांगले गुण पडतात, हा समज किती अपुरा आहे ते अमेरिकेतल्या एका जुन्या स्पर्धेवरून कळते. ओहायो राज्यात ईरी सरोवराच्या काठी कॅम्प पेरी नावाचे ठिकाण आहे. १९०७ पासून तिथे त्या देशाच्या राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धा भरत आल्या आहेत. त्यांतला एक मोठा प्रकार ‘सर्व्हिस रायफल’चा. सैनिकाच्या हाती असते त्याच जातीची रायफल त्यात वापरावी लागते. पूर्वी गॅरँड, मग एम-१४, पुढे एम-१६ आणि तिच्या नागरी भावंडाची पाळी आली. बाहेरून ती सैनिकाच्या रायफलसारखीच दिसली पाहिजे, असा नियम. दुर्बिणीची साइटदेखील २०१६ पर्यंत चालत नसे. अशा रायफलने दोनशे, तीनशे आणि सहाशे यार्डांवर, म्हणजे जवळजवळ साडेपाचशे मीटरपर्यंत नेम मारायचा.

रायफली अशा जवळपास सारख्याच असल्यावर मुरलेला नेमबाज पैसा कशावर खर्च करतो? चांगली नळी, एकसारखी काडतुसे, हात आवळून धरणारा चामडी पट्टा, जाड जॅकेट, हातमोजा, अंथरायची चटई, लक्ष्यावरची खूण दाखवणारी दुर्बीण आणि प्रत्येक नेमाची नोंद ठेवायची वही यांवर. म्हणजे रायफलला अंगाशी घट्ट जोडणार्‍या आणि आपली चूक आपल्याला दाखवणार्‍या वस्तूंवर. आपल्याकडे सैन्याच्या रायफली नागरिकांच्या हाती येत नाहीत आणि एअर रायफलचे नियमही वेगळे आहेत. पण खर्चाचा हा क्रम मात्र आपल्या घरांनीही उचलण्यासारखा आहे.

अंगावरचे सामान

पहिली खरेदी हातमोज्याची. रायफलचा भार ज्या हातावर असतो, त्या हातात तो घालतात. वजन बोचत नाही आणि नाडीचे ठोके रायफलपर्यंत कमी पोचतात. दुसरी खरेदी नेमबाजीच्या सपाट तळव्याच्या बुटांची. उभ्या पवित्र्यात सारा तोल पावलांवर असतो, आणि धावण्याचे मऊ, उंचवट्याचे बूट तिथे डुगडुगतात.

तिसरी आणि मोठी खरेदी जॅकेटची. जाड कॅनव्हास व चामड्याचे हे जॅकेट नेमबाजाच्या पाठीला आधार देते. रायफल उचलून कमरेतून किंचित मागे झुकल्यावर कण्यावर जो ताण येतो, तो त्यामुळे हलका होतो. जॅकेटच्या जाडीला नियमाने मर्यादा आहे. कापडाचा एक थर २.५ मिलिमीटरपेक्षा जाड चालत नाही आणि स्पर्धेपूर्वी तो उपकरणाने मोजतात. म्हणून नियमात बसते याची खात्री करूनच ते घ्यावे. वाढत्या वयाच्या मुलाला नवे जॅकेट वर्ष-दोन वर्षांत लहान होते. तेव्हा रेंजवरच्या मोठ्या मुलांचे वापरलेले जॅकेट मिळाले तर ते बिनदिक्कत घ्यावे. त्यात कमीपणा काही नाही. जॅकेट आले म्हणून व्यायाम मात्र सोडू नये. पाठ, पोट आणि मांड्या बळकट नसतील तर कोवळ्या वयात पाठदुखी मागे लागते.

आता रायफल

इथवर आल्यावर रायफल निवडण्याची वेळ येते. ती निवडताना मूल सोबत असलेच पाहिजे, आणि शक्यतो प्रशिक्षकही. अंगात जॅकेट घालून रायफल खांद्याला लावावी. मान सरळ राहते का? गाल दस्त्यावर सहज टेकतो का, की डोके खाली दाबावे लागते? आधाराच्या हाताचे कोपर कमरेच्या हाडावर टेकते का? चापावर बोट न ताणता पोचते का? मग लक्ष्याकडे नेम धरून डोळे मिटावेत, दोन श्वास घ्यावेत आणि डोळे उघडावेत. नेम बाजूला सरकला असेल तर हाताने रायफल ओढू नये, पावले सरकवून पाहावे. कसेही उभे राहिले तरी अंग अवघडतच असेल, तर ती रायफल त्या मुलाची नव्हे.

चांगल्या स्पर्धा-रायफलमध्ये दस्त्याची लांबी, गालाची पट्टी, खांद्यापाशी टेकणारी पट्टी हे सारे मागेपुढे, वरखाली करता येते. मूल वाढते, त्यामुळे ही सोय चकाकीपेक्षा महत्त्वाची. ज्याचे हात आखूड आहेत त्याच्यासाठी पुढच्या भागाखाली ठोकळा बसवता येतो. लहान चणीच्या मुलाला मोठ्यांची पाच किलोची रायफल देण्याची घाई करू नये.

जुन्या पद्धतीच्या स्प्रिंगच्या रायफली स्वस्त असतात आणि नेमाची ओळख करून घ्यायला पुरतात. पण चाप ओढल्यावर आतली स्प्रिंग सुटून रायफलला हिसका बसतो. स्पर्धेच्या रायफलीत दाबलेली हवा सिलिंडरमध्ये भरलेली असते आणि हिसका जवळजवळ नसतो. वापरलेली रायफल घेताना सिलिंडरवरची तारीख अवश्य वाचावी. त्याची मुदत साधारणपणे बनवल्यापासून दहा वर्षांची असते. मुदत टळलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही आणि तो वापरणे धोक्याचेही आहे.

छर्‍यांचेही तसेच. स्पर्धेचे छर्रे पुढून सपाट असतात, त्यामुळे कागदाला गोल, स्वच्छ भोक पडते. प्रत्येक रायफलला प्रत्येक छर्रा मानवत नाही. दोन-तीन प्रकारचे थोडे थोडे छर्रे आणून, रायफल शिकंज्यात बसवून ग्रुपिंग पाहावे आणि ज्याचे ग्रुपिंग लहान तोच छर्रा पुढे घ्यावा.

सामान तपासण्याची सवयही पहिल्या दिवसापासून लावावी. बीजिंगच्या अंतिम फेरीपूर्वीच्या चाचणीत आपला नेम खूप बाहेर गेला आणि साइट हललेली आढळली, असे अभिनव बिंद्राने पुढे सांगितले आहे. हाती मोजकी मिनिटे होती. त्यात त्याने साइट पुन्हा जुळवली आणि चौथ्या क्रमांकावरून वर येत सुवर्ण मिळवले. महागडी रायफलही हलू शकते. तिला ओळखणारे हात असले की निभावते.

घरातली शिस्त

ठरावीक शक्तीपर्यंतच्या ४.५ मिलिमीटर एअर रायफलला परवाना लागत नाही, .२२ च्या रायफलला लागतो. तरी खरेदीआधी संघटनेकडे आणि पोलीस ठाण्यात नियम विचारून घ्यावेत. परवाना नाही म्हणजे ते खेळणे आहे असे मात्र नव्हे. जवळून लागलेल्या छर्‍याने डोळा जाऊ शकतो. रायफल कुलपात ठेवावी, छर्रे वेगळ्या जागी ठेवावेत, आणि पाहुण्यांच्या मुलांना ‘जरा हातात धरायला’ देऊ नये. नळी नेहमी लक्ष्याकडे आणि नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर, हा नियम रिकाम्या रायफललाही लागू आहे. गच्चीवरून पक्ष्यांवर नेम धरणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो.

छर्रे शिशाचे असतात हे आयांनी विशेष लक्षात ठेवावे. सरावात छर्रे तोंडात धरण्याची सवय काही मुलांना लागते, ती ताबडतोब मोडावी. रेंजवर खाऊ नये, घरी आल्यावर साबणाने हात धुऊनच जेवायला बसवावे.

आणि शेवटी एक वस्तू, जी पहिल्याच दिवशी घ्यावी आणि जिला शंभर रुपयेही लागत नाहीत : एक वही. आज किती छर्रे मारले, कुठे पडले, झोप कशी झाली होती, मन कुठे होते, हे मुलाने तीत रोज लिहावे. सहा महिन्यांनी आईवडिलांनी मुलाबरोबर बसून ती वही चाळावी. पाने भरलेली असतील तर रायफलसाठी पैसे बाजूला टाकायला हरकत नाही. पाने कोरी असतील, तर हट्टाचे उत्तर त्या वहीनेच दिलेले असेल, आणि कुणाला रागवावे लागणार नाही.