जादा तासांचा हिशेब

भोसरी, अंबड किंवा वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत राबणाऱ्या कामगाराच्या घरी पगाराच्या दिवशी एक दृश्य हमखास दिसते. पगारपत्रक पुढ्यात घेऊन पती-पत्नी हिशेबाला बसतात. किती जादा तास भरले, हे दोघांनाही तोंडपाठ असते. हाती पडलेली रक्कम मात्र मनातल्या आकड्याहून उणी भरते. मग निष्कर्ष निघतो, ‘ओव्हरटाइम केला की सारे करातच जाते.’ सुशिक्षितांच्याही तोंडी हे वाक्य ऐकू येते. ते चूक आहे. पण त्यामागची हानीची जाणीव खोटी नाही. पैसा जातो आहे, तो जातो ती वाट निराळी आहे.

प्राप्तिकर जादा कामाचा मोबदला वेगळा मानत नाही; ते वेतनच. मालक वर्षभराच्या अंदाजित वेतनावरील कर काढून तो सरासरीने दरमहा कापतो. एखाद्या महिन्यात अधिक कापला गेला, तर विवरणपत्र भरल्यावर परत मिळतो. शिवाय २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करप्रणालीत ७५ हजारांची प्रमाणित वजावट धरता वार्षिक पावणेतेरा लाखांपर्यंतच्या वेतनावर कर शून्य आहे. कारखान्यातल्या सामान्य कामगाराला ही मर्यादा गाठणे अवघडच. व्यवसाय करालाही घटनेच्या २७६व्या कलमाने वर्षाला अडीच हजारांची वेस घातली आहे.

अमेरिकेने २०२५ साली जादा कामाच्या मोबदल्यातील अधिक दराच्या भागापुरती, ठरावीक मर्यादेपर्यंत, प्राप्तिकरात सवलत दिली. फ्रान्सने २००७ साली अशी सवलत दिली, २०१२ साली काढून घेतली आणि २०१९ साली पुन्हा दिली. ही उदाहरणे वाचून आपल्याकडेही तशी मागणी पुढे येऊ शकते. पण जो कर भरावाच लागत नाही, त्यातील सवलतीने भोसरीच्या कामगाराच्या पदरात काय पडणार?

भविष्यनिर्वाह निधीची वर्गणी ओव्हरटाइमवर कापली जात नाही, हे ऐकून कोणी सुखावेल. आम्हांस त्यात आनंद वाटत नाही. वर्षानुवर्षे रात्रपाळीनंतरही यंत्रापाशी उभे राहून जे कमावले, त्यातील छदामही म्हातारपणाच्या शिदोरीत पडत नाही आणि ग्रॅच्युइटीच्या हिशेबातही तो धरला जात नाही. पतपेढीचा हप्ता मोठा असतो खरा. पण ते आपणच काढलेले कर्ज, त्याचा दोष कोणाला देणार?

खरी मेख पगारपत्रकाच्या वजावटीच्या रकान्यात नसून त्याच्या पहिल्या ओळीत आहे. ओव्हरटाइमला दुप्पट दर, हे सर्वांना ठाऊक आहे. पण दुप्पट कशाच्या? १९४८च्या कारखाने कायद्याच्या ५९व्या कलमात मूळ वेतनासह कामगाराला मिळणारे भत्ते धरून दर काढावा, असे म्हटले होते. बोनस आणि ओव्हरटाइम तेवढे वगळलेले होते. २१ नोव्हेंबर २०२५पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. वेतन संहितेनेही दुप्पट दर कायम ठेवला आहे; मात्र तिच्या व्याख्येनुसार घरभाडे, प्रवासभत्ता यांसारख्या रकमा वेतनाबाहेर राहतात. अशा रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाल्या, तरच वरचा भाग वेतनात मिळवला जातो.

आकड्यांत पाहू. मूळ वेतन व महागाई भत्ता १४ हजार, घरभाडे व प्रवासभत्ता ६ हजार, असा २० हजारांचा पगार. महिन्याचे २६ दिवस, रोजचे आठ तास. २० हजारांवर तासाचा दुप्पट दर सुमारे १९२ रुपये येतो, १४ हजारांवर सुमारे १३५. महिन्यात ४० जादा तास भरले, तर फरक सुमारे २,३०० रुपयांचा. मुलाच्या शिकवणीचे शुल्क यात भागते. ज्या कराच्या नावाने घरोघरी बोटे मोडली जातात, त्याचा या तुटीशी काडीचाही संबंध नाही. आणि जेथे जादा तासांचे पैसे एकेरी दराने पाकिटात घालून दिले जातात, कागदावर येतच नाहीत, तेथल्या कामगाराची कथा याहून करुण आहे.

सप्टेंबर २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनंदिन कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर आणि तिमाहीतील जादा कामाची मर्यादा ११५ तासांवरून १४४ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. कामगाराची लेखी संमती हवी, ही अट त्यात आहे. परंतु ज्याच्या घराचा हप्ताच ओव्हरटाइमवर बेतलेला असतो, त्याची संमती कितपत मोकळी असते? १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांतून गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली, ती याच मुंबईत. तास वाढवायचे तर वाढवा, उद्योगाची निकड आम्ही जाणतो. दत्तोपंत ठेंगडींनी राष्ट्राच्या उद्योगीकरणाला कधी विरोध केला नाही. पण त्याच सूत्रात उद्योगांचे श्रमिकीकरणही त्यांनी सांगितले होते, हे सोयीस्करपणे विसरले जाऊ नये. तास कुटुंबाचे जातात; मुले निजल्यावर बाप घरी येतो.

संहितेतील दुप्पट दर ही किमान मर्यादा आहे. त्याहून अधिक देण्याला कोणताही कायदा आड येत नाही. वेतनचिठ्ठी देणेही मालकावर बंधनकारक आहे. तीत जादा तास किती, दर किती आणि तो कोणत्या रकमेवर काढला, हे तिन्ही आकडे स्वतंत्र छापावेत, असा आग्रह कामगार संघटनांनी धरावा. जेथे वेतनकराराची मुदत संपत आली आहे, तेथील प्रतिनिधींनी पुढच्या मसुद्यातील ओव्हरटाइमचे कलम आधी वाचावे आणि त्यात ‘मूळ वेतन’ असे शब्द असतील, तर त्यांच्या जागी ‘एकूण वेतन’ असे लिहून घेतल्याशिवाय सही करू नये.