सी ड्राइव्हमध्ये घर करू नका



मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठीचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. तेव्हापासून आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत एक तक्रार वारंवार दिसते. जुना संगणक दुकानात दिला, दुकानदाराने एसएसडी बसवून विंडोज ११ टाकून दिले, मशीन झपाट्याने चालू लागले. संध्याकाळी मुलगी शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला बसली, तर डेस्कटॉपवर ठेवलेले दाखले गायब. दुकानदार म्हणतो, "डी ड्राइव्हला हातही लावला नाही." तो खरेच बोलत असतो. दाखले डीमध्ये नव्हतेच मुळी.

डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स ही चारही ठिकाणे विंडोज स्वतःहून सी ड्राइव्हमध्ये, 'यूजर्स' या फोल्डरात ठेवते. सी पुसला की तीही पुसली जातात. विंडोज पुन्हा टाकता येते, प्रोग्राम पुन्हा मिळतात. दादीच्या आवाजातली दुआ पुन्हा मिळत नाही. म्हणून सिस्टीम एका डिस्कवर आणि घरचे सगळे दुसऱ्या डिस्कवर, अशी वाटणी आम्ही सुचवतो.

इथे एक गैरसमज आधी दूर करू. सी आणि डी ही दोन अक्षरे दिसली म्हणजे डिस्क दोन असतातच असे नाही. एकाच डिस्कचे दोन भाग केलेले असले तर त्या एकाच घराच्या दोन खोल्या. विंडोज बदलताना डी वाचेल, पण डिस्कच बंद पडली तर दोन्ही गेल्या. स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. खाली 'डिस्क ०', 'डिस्क १' अशा ओळी दिसतील. सी आणि डी एकाच ओळीत असतील तर तुमच्याकडे डिस्क एकच आहे. (ए आणि बी कुठे गेले, असे मुले विचारतात. ती अक्षरे फ्लॉपीसाठी होती.)

सोय फार महाग नाही. विंडोज आणि प्रोग्रामसाठी २५६ जीबीची एसएसडी घरगुती कामाला पुरते. काढलेली जुनी हार्ड डिस्क सुस्थितीत असेल तर तीच फायलींसाठी लावता येते. डेस्कटॉप संगणकात बहुधा जागा असतेच. डीव्हीडी असलेल्या बऱ्याच जुन्या लॅपटॉपमध्ये त्या जागी कॅडी लावून डिस्क बसते. नाहीतर यूएसबी केसिंग घ्या.

मग डॉक्युमेंट्सवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन, मूव्ह, आणि दुसऱ्या डिस्कवरचा फोल्डर दाखवा. नुसते 'डी' दाखवू नका, डीमध्ये आधी फोल्डर करा. नाहीतर अख्खा ड्राइव्हच डॉक्युमेंट्स होऊन बसतो आणि मागे फिरवताना डोकेदुखी होते. 'प्रोग्राम फाइल्स' मात्र ओढून दुसरीकडे नेऊ नका. प्रोग्राम असे हलत नाहीत.

फायली कशा लावायच्या? आमच्या मते माणसागणिक. कारण आपल्या घरांत नावाचा घोळ ठरलेला. आधारवर 'मोहम्मद', शाळेच्या दाखल्यावर 'महंमद', पासपोर्टवर तिसरेच स्पेलिंग, कुठे 'शेख' आधी तर कुठे शेवटी. शोधायला गेले की अर्धे कागद हाती लागत नाहीत. 'अब्बा', 'अम्मी', 'थोरली आपा' असे फोल्डर केले की स्पेलिंगचा प्रश्नच मिटतो. निकाहनामा, जन्मदाखला, दवाखान्याचे कागद ज्याचे त्याच्या फोल्डरात. जमीन आणि वारसा यांचा फोल्डर वेगळा. फोटो वर्षानुसार, आणि फोल्डराच्या नावात वर्ष आधी, म्हणजे ते आपोआप ओळीने लागतात.

जुन्या मराठी आणि उर्दू फायलींसाठी थोडे थांबावे लागेल. पंधरावीस वर्षांपूर्वी श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेले जमातीचे हिशेब, इनपेजमध्ये केलेली उर्दू वंशावळ अनेक घरांत आहे. फाइल डीमध्ये सुरक्षित राहते, पण तिचा फॉन्ट सीमध्ये, विंडोजच्या फोल्डरात असतो. नवे विंडोज आले की फॉन्ट गेला, आणि मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. इनपेजची फाइल तर इनपेजशिवाय उघडणारच नाही. म्हणून जुने मशीन चालू आहे तोवर अशी प्रत्येक फाइल उघडून तिची पीडीएफ करून ठेवा. मूळ फाइलही टाकू नका. कंटाळवाणे काम आहे, पण सुट्टीतली मुले कामाला येतात.

मशीन दुकानात देण्याआधी फायलींची डिस्क काढून घरी ठेवा. याचे पहिले कारण तांत्रिक. विंडोज टाकताना पडद्यावर डिस्कचे क्रमांक दिसतात आणि भलतीच पुसली जाऊ शकते. शिवाय दोन्ही जोडलेल्या असल्या तर विंडोज कधीकधी सुरू होण्यासाठी लागणाऱ्या फायली दुसऱ्या डिस्कवर ठेवते, मग ती काढली की मशीन सुरूच होत नाही. दुसरे कारण तुम्हाला सांगायला नको. घरातल्या बायका-मुलींचे, निकाहाचे, मेंदीचे फोटो परक्या माणसाच्या टेबलावर दोन दिवस का पडू द्यायचे? फोटो डिलीट करून देणे पुरत नाही, डिलीट केलेले अनेकदा परत काढता येते. डिस्कवर बिटलॉकर चालू असेल तर तिची ४८ आकड्यांची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्या. की हरवली तर आपलीच डिस्क आपल्याला बंद होते.

वाटणी केली म्हणजे सगळे झाले, असे मात्र नाही. फायलींची डिस्कही एक दिवस जाणार. तिची नक्कल एका बाहेरच्या डिस्कवर हवी आणि ती घराबाहेर हवी. पाणी शिरले, आग लागली, चोरी झाली तर एकाच कपाटातल्या दोन्ही जातात. कुणाकडे ठेवावी? आम्ही म्हणू, लग्न होऊन गेलेल्या बहिणीकडे. अब्बांच्या जमिनीत तिचा हिस्सा शरीअतने ठरवलेला आहे, पण सातबारा, फेरफार, खरेदीखत यांचे स्कॅन बहुधा भावाच्याच संगणकात असतात. तिच्याकडे प्रत राहिली की कागदही सुरक्षित आणि तिलाही मागत बसावे लागत नाही. मूळ कागद अर्थातच जपा, स्कॅन त्यांची जागा घेत नाही.

दोन्ही ईदला ती डिस्क घेऊन माहेरी येईल, नवे फोटो आणि कागद भरून घेईल. परत नेण्याआधी त्यातल्या चारदोन फायली उघडून बघा, कारण कॉपी अर्धवट झालेली असते ते नुसत्या नावावरून कळत नाही.